घरचा मेस्त्री

"त्यात काय हाय मोठं?" हे वाक्य कानावर पडलं की कंग्राळीतल्या आमच्या गल्लीतली माणसं आपापल्या वस्तू उचलून आत नेतात. मिक्सर असो, सायकल असो, विहिरीवरची मोटर असो, जिच्याकडे बघून आमचा शेजारी आप्पा हे वाक्य बोलला ती वस्तू तासाभरात सुटी होऊन अंगणभर पसरते आणि तिच्या मधोमध मांडी घालून आप्पा बसलेला असतो. वस्तू दुरुस्त होत नाही असं मात्र नाही. होते. फक्त पूर्वीची राहत नाही. त्यानं दुरुस्त केलेला आमचा पंखा एकवर ठेवला की तीनच्या जोरानं फिरतो आणि तीनवर ठेवला की एकच्या. आम्हाला सवय झाली आहे. पाहुण्यांना तेवढं सांगावं लागतं.

हा दोष एकट्या आप्पाचा नाही, बेळगावच्या हवेचा आहे. उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्र्या, मशीन शॉप, हायड्रॉलिकचे कारखाने यांनी आसपासच्या गावांतल्या घराघरांतून एक तरी माणूस ओढून नेलेला आहे. मातीतलं पीक काढणाऱ्या बापाच्या पोटी लोखंडाचा कीस काढणारा पोरगा निपजला, आणि लोखंड एकदा हाताला लागलं की जगातली प्रत्येक गोष्ट उघडता येते असं वाटायला लागतं. त्यात या जिल्ह्याला दाखला केवढा मोठा! गुर्लहोसूरच्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि पुढं नांगर, पंप, इंजिनं असं सगळं साम्राज्य त्यातूनच उभं राहिलं. आप्पाला हा इतिहास मुखोद्गत आहे. "लक्ष्मणरावांनी कुठल्या मेस्त्रीला इचारलं?" असं तो मला दर दोन-तीन महिन्यांनी विचारतो. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते, त्यांना मेस्त्रीची गरज नव्हती, हे मी त्याला सांगून पाहिलं आहे. "मग मी बी आयटीआय झालोय की," हे त्यावरचं उत्तर.

आणि ते खरं आहे. आप्पा टर्नर आहे, नावाजलेला आहे. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर तो हायड्रॉलिक पंपांचे भाग कापतो. तिथं वीस मायक्रॉन इकडंतिकडं झालं तर तो तुकडा स्वतःच्या हातानं भंगारात टाकतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या केसापेक्षाही कितीतरी बारीक मामला. तोच आप्पा संध्याकाळी शिफ्ट संपवून तिसऱ्या रेल्वे गेटातनं घराकडं आला की त्याच्या हातात मायक्रोमीटरऐवजी हातोडी येते आणि तोंडात "बसतंय बगा, मास्तर" एवढंच माप उरतं. कंपनीत मालकाचं काम असतं, घरी स्वतःचं. स्वतःच्या कामाला माप लावायचं म्हणजे स्वतःवर अविश्वास दाखवल्यासारखं होतं.

त्याच्याकडं केए-२२ पासिंगची एक जुनी, चौथ्या मालकाची स्विफ्ट आहे. गेल्या वर्षी तिला खाली बसवायचं त्याच्या मनानं घेतलं.

गाडी खाली बसवणं हा काय प्रकार आहे ते मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. मूळ स्प्रिंगा काढून आखूड आणि कडक स्प्रिंगा घालायच्या. मग गाडी तीन-चार सेंटिमीटर खाली येते, वजनाचा मध्य जमिनीकडं सरकतो, वळणावर अंग कमी झुकवते. शर्यतीच्या गाड्यांना हे शहाणपण साजतं. आप्पाचं म्हणणं, चोर्ला घाटातनं गोव्याला जाताना आपली गाडी "म्हशीगत लोळती", ते थांबायला पाहिजे. चोर्ला घाटातून तो वर्षातून किती वेळा जातो हे मी विचारलं नाही. शेजारधर्म म्हणून काही असतोच.

या बेताला पहिला विरोध झाला तो आबांचा, म्हणजे त्याच्या वडिलांचा. आबांनी आयुष्यभर कंग्राळीतली रताळी टेम्पोत घालून एपीएमसीत नेली. शेतातल्या वाटेवर टेम्पोचं पोट घासू नये म्हणून त्यांनी मागं पाटे वाढवून घेतले, नंतर आणखी वाढवून घेतले. त्यांच्या लेखी वाहनाची इज्जत त्याच्या उंचीत. पोरगा पैसे घालून गाडी खाली घेतोय हे कळल्यावर ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मग चाकं तरी कशाला ठेवालास? ती बी काढ. अजून खाली येतंय."

मी कायद्याची भीती घालून पाहिली. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी सोय झाली. आप्पानं शांतपणे ऐकून घेतलं. "आरसी बुकात स्प्रिंगची उंची कुठं लिवलीया?" त्यानं विचारलं. आणि मग खरोखर चिंतेनं, "चार स्प्रिंगा म्हंजे चार बदल धरत्यात की एकच?"

आता हिशेब. कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात जाऊन आप्पानं स्प्रिंगांचा संच आणला. एपीएमसी रोडला ज्यांचं गॅरेज आहे ते मेस्त्री या भागातले जुने जाणते. त्यांनी चार चाकांची मजुरी सांगितली अडीच हजार. आप्पा तिथून जो तरातरा निघाला तो घरी येऊन माझ्यासमोर बसला. "अडीच हजार! चार नट खोलायचे आणि चार लावायचे! लुटालेत, मास्तर, लुटालेत लोकास्नी!" त्या अडीच हजारांच्या बचतीसाठी त्यानं पुढच्या आठवड्यात जी खरेदी केली ती अशी: गाडी टेकवायच्या चार घोड्या, एक मोठा जॅक, गोटी-पान्यांचा नवा पेटारा, टॉर्क पाना, गंज सोडवायचे स्प्रेचे दोन डबे, रबरी हातमोजे आणि डोक्याला बांधायचा दिवा. बेरीज मी केली. मी मास्तर आहे, बेरीज आपोआप होते. आप्पाच्या वहीत मात्र खर्चाच्या रकान्यात शून्य होतं. "हे सामान ऱ्हातंय की आपल्याकडं! मेस्त्रीला दिल्यालं परत येतंय काय?" स्वतःच्या दोन दिवसांच्या रजेचंही त्या वहीत नाव नव्हतं. घरच्या मेस्त्रीच्या हिशेबात त्याची स्वतःची मजुरी कधीच धरलेली नसते. धरली तर गाडीला कुणी हातच लावणार नाही.

एक वस्तू मात्र विकत घेण्यासारखी वाटेना: स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर. स्विफ्टच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं १९४०च्या दशकात ही रचना काढली. शॉकप आणि स्प्रिंग एकाच खांबात, स्वस्त आणि सुटसुटीत. पण तिथली स्प्रिंग सुटी करायची तर आधी ती दाबून धरावी लागते, कारण ती जागेवर असतानाच पिळून बसवलेली असते. पुढच्या एकेका चाकावर गाडीचं अडीच-तीनशे किलो वजन येतं. ते पेलणारी ती स्प्रिंग. दाबून न धरता वरचा नट काढला तर स्प्रिंग कुठं जाईल ते सांगता येत नाही, आणि वाटेत जे येईल ते घेऊन जाईल. मेस्त्रीकडं कॉम्प्रेसर होता. आप्पा मागायला गेला. मेस्त्रींनी विडा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला आणि म्हणाले, "दिवसाला तीनशे. डिपॉझिट दोन हजार." माझा अंदाज असा की गावोगावच्या आप्पांच्या भाड्यावरच त्यांचं चहापाणी निघतं.

मुहूर्त धरला तो दसऱ्याच्या आधीच्या अष्टमीचा. नवरात्रात कारखान्यातलं काम सैल असतं, पुढं खंडेनवमी आणि दसरा अशी सलग सुट्टी. यंत्राच्या माणसाला यापेक्षा बरा मुहूर्त कुठला? असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं, आणि आप्पाच्या आईंचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही.

अष्टमीला सकाळी आठला गाडी घोड्यांवर चढली. मी चष्मा पुसून ओट्यावर बसलो. असं काम चालू असताना शिकलेल्या माणसानं घरात वाचत बसणं हा करंटेपणा आहे. डावं पुढचं चाक निघालं. लिंक रॉडचा नट निघेना. स्प्रे मारला, निघेना. रॉकेल ओतलं, निघेना. पाना घसरला आणि आप्पाच्या बोटाचं साल निघालं. वहिनींनी, म्हणजे आप्पाच्या बायकोनं, हळद लावली. "मी कालच म्हणालो, भाऊजी, मेस्त्रीला अडीच हजार तर अडीच हजार देऊन टाका म्हणून," त्या मला म्हणाल्या, "ह्येनी ऐकत्यात व्हय?" अकराला नट निघाला. स्ट्रट बाहेर आला, स्प्रिंग दबली, नवीन बसली. चारच्या सुमाराला डावं पूर्ण झालं आणि आप्पा उठून उभा राहिला, तेव्हा त्याच्या तोंडावर जे तेज होतं ते मी दहावीचा निकाल शंभर टक्के लागल्यावरही हेडमास्तरांच्या तोंडावर पाहिलेलं नाही. गाडी घोडीवरच असल्यामुळं ती खाली आलीय की नाही हे कळत नव्हतं. तरी गल्लीतली पोरं वाकून बघून "आलीया, आलीया" म्हणाली.

उजवीकडं घाई नडली. दिवस कलत होता, कॉम्प्रेसरचा बोल्ट जड जात होता, आणि आप्पानं पान्याला हातभर पाइप घालून जोर लावला. कडकन् आवाज झाला. स्प्रिंग तुटली नाही, आप्पाही वाचला. पण कॉम्प्रेसरच्या एका बोल्टचे आटे गेले आणि तो जिथल्या तिथं घट्ट धरला. स्प्रिंग अर्धी दबलेली, पुढं जाईना, मागं येईना. आप्पानं ती तशीच कॉम्प्रेसरसकट ओट्यावर ठेवली. "सकाळी बघतो," म्हणाला.

सकाळी खंडेनवमी होती. पहाटे दुर्गामाता दौड गल्लीतनं गेली. पांढऱ्या कपड्यांतली, फेटे बांधलेली पोरं जयघोष करत धावता धावता आप्पाच्या दारात मंदावली. गाडीला पुढची चाकं नव्हती आणि ती आकाशाकडं तोंड करून उभी होती. दौड गेल्यावर आप्पा अंगणात आला, तर पेटारा रिकामा. आत देव्हाऱ्यासमोर पाटावर सगळं मांडलेलं: पाने मापाप्रमाणे, गोट्या ओळीनं, टॉर्क पाना मधोमध, आबांचा कोयता आणि खुरपी, वहिनींची विळी. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. आणि या सर्वांच्या पुढं, मानाच्या जागी, ती अर्धी दबलेली स्प्रिंग. आईंनी तिच्या प्रत्येक वेढ्याला कुंकवाचं बोट लावलं होतं.

"आई, ते उचल तिथनं!" आप्पा ओरडला.

"उद्या दसऱ्याला पूजा उतरली की उचल. आज हत्याराला हात लावायचा न्हाई."

"अगं, ते सुटलं तर घर जातंय!"

"देवासमोर हाय. कुटं सुटतंय?"

या युक्तिवादावर आयटीआयमध्ये काही शिकवत नाहीत. मग गाडीची पूजा आली. आमच्याकडं गाडीला हार घालायचा, समोर कोहळा फोडायचा, चाकाखाली लिंबं ठेवून गाडी पुढं घ्यायची. हार घातला. कोहळा फुटला. लिंबांचा मात्र पेच पडला. चिरडायला पुढं चाकंच नव्हती. शेवटी आप्पाच्या पोरानं भिंतीला टेकवलेलं चाक आणलं आणि ते हातानं ढकलत लिंबांवरून फिरवलं. कारखान्यात आप्पाच्या मशीनची पूजा त्या दिवशी दुसऱ्याच कुणीतरी केली. कॉम्प्रेसरचं मीटर चालूच होतं.

दसऱ्याला सूर्य कलल्यावर लोक आपट्याची पानं घेऊन घरोघर निघाले. मेस्त्रीही सोनं द्यायला आले. आईंच्या पाया पडायला आत वाकले, आणि वाकल्या जागी थिजले. मी त्या माणसाला इतकी वर्षं ओळखतो, पण त्याच्या गालातला विडा थांबलेला मी तेव्हाच पाहिला. "आदी पोरास्नी भाईर काडा," ते हळू आवाजात म्हणाले. मग त्यांनी साखळी मागवली, स्प्रिंगच्या वेढ्यांतून ती ओवून आवळली, आट्यांवर तेल सोडलं आणि ओट्यावर उकिडवे बसून काम सुरू केलं. पाव आटा मागं, जरा थांबायचं, किंचित पुढं, परत पाव आटा मागं. पाइप नाही, हातोडी नाही. सोनं वाटायला आलेली निम्मी गल्ली लांब उभी राहून बघत होती आणि कुणी बोलत नव्हतं. शेवटी स्प्रिंग सैल पडली तेव्हा आबांनी पुढं होऊन मेस्त्रीच्या हातात सोनं दिलं. आप्पानं पैशाचं विचारलं. "सनाच्या दिवशी पैशे कसले?" मेस्त्री म्हणाले. "भाडं तेवढं तीन दिसांचं हुतंय नऊशे. आणि डिपॉझिट मी ठेवतो. कॉम्प्रेसर तुलाच ऱ्हाऊ दे."

बाकीचं काम पुढच्या दोन दिवसांत उरकलं; मागच्या चाकांना स्ट्रट नसल्यामुळं तिथं स्प्रिंग अलगद निघते आणि अलगद बसते. आप्पाच्या मते हे त्याच्या अनुभवामुळं झालं. गाडी जमिनीवर आली. खरंच खाली बसली होती, आणि खोटं कशाला बोला, दिसायला देखणी झाली होती.

चालायला मात्र ती एक भाषा बोलायला लागली. प्रत्येक खड्ड्यात मागून "कर्रर्र", आणि हात सोडला की डावीकडं ओढ. आप्पा आठ दिवस गाडीखाली दिवा लावून झोपला. शेवटी मेस्त्रीकडं न्यावीच लागली. त्यांनी एकदा गाडी हलवून ऐकलं, खाली गेले, मागचे बोल्ट सैल केले, गाडी चाकांवर उभी असतानाच दोनदा दाबून परत आवळले. आवाज गायब. रबराचे बुश चाकं लोंबत असताना आवळले की ते पिळलेल्या अवस्थेतच बसतात. गाडी जमिनीवर आली की रबर ओरडतं. आवळायचे ते वजन आल्यावर. मग अलाइनमेंट, कारण गाडी खाली आली की टायरॉडचा कोन बदलतो आणि चाकांची तोंडं फिरतात. दोन्ही मिळून नऊशे. "एवढंच हुतं?" आप्पा परत येताना म्हणाला. "आदी सांगायचं की मग!" न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न दिल्याबद्दल तो मेस्त्रीवर अजून थोडा रुसलेला आहे.

राहता राहिले गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानं गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि पावणेचार मीटरच्या आसपास रुंद असावा, म्हणजे गाडी त्याच्यावरून लाटेसारखी जाते. आमच्या भागात दहाचं माप आणि पावणेचारचं माप यांची अदलाबदल झाली असावी, असं आप्पाला आता वाटतं. स्विफ्टखाली मूळची सतरा सेंटिमीटर जागा होती. चार गेली, राहिली तेरा; त्यात आई, आबा, वहिनी, पोरगा आणि रताळ्याचं पोतं बसलं की किती राहते हे आप्पाच्या मायक्रोमीटरलाच माहीत. त्यामुळं प्रत्येक गतिरोधकाआधी गाडी थांबते, दारं उघडतात, सगळे उतरतात, गाडी तिरकी होऊन एकेक चाक चढवत पलीकडं जाते, सगळे परत बसतात. आबा उतरत नाहीत. गुडघ्यांनी एवढ्या खालून उठवत नाही म्हणतात; खरं तर त्यांना घासण्याचा आवाज आतून ऐकायचा असतो. आम्ही सीमाभागातली माणसं, १९५६ पासून सीमेचा प्रश्न घेऊन बसलोय. आप्पाच्या घरचं सीमोल्लंघन गल्लीच्या तोंडाशी अडतं.

चोर्ला घाटात एकदा गेला होता. वळणावर गाडी खरंच लोळली नाही असं सांगतो. घाटातल्या खड्ड्यांचा विषय निघाला की तो गोव्यातल्या जेवणाची तारीफ सुरू करतो.

आता त्या कॉम्प्रेसरबद्दल. आप्पानं तो कारखान्यात नेला, मालकाच्या परवानगीनं, जेवणाच्या सुट्टीत. जुने बोल्ट काढून टाकले आणि चांगल्या पोलादाचे दोन नवे बोल्ट स्वतः कातले. जाड आटे, साफ, मापात. मायक्रोमीटर लावून. ते बोल्ट मी हातात घेऊन पाहिले आहेत. यंत्रातलं मला काही कळत नाही, पण हस्ताक्षरातलं कळतं, आणि ते आटे पाहून मला चांगल्या हस्ताक्षराच्या वहीला देतो तसे पैकीच्या पैकी मार्क द्यावेसे वाटले. मेस्त्रीनं इकडं डिपॉझिटच्या पैशांतून नवा कॉम्प्रेसर मागवला होता. तो दिवाळीपर्यंत वाकला.

तुळशीच्या लग्नाच्या आसपास मेस्त्री संध्याकाळी आप्पाच्या दारात आले. इकडचं तिकडचं झालं, भाताच्या मळणीचं झालं, चहा झाला. मग म्हणाले, "ते स्प्रिंगचं जरा दोन दिस दे बघू. एक गाडी अडकलीया."

आप्पानं कपाटातनं कॉम्प्रेसर आणला, फडक्यानं पुसला आणि मांडीवर ठेवला.

"दिवसाला तीनशे. डिपॉझिट दोन हजार."

"आरं, माझंच हाय की ते!"

"हुतं," आप्पा म्हणाला, आणि कॉम्प्रेसर त्यांच्या हातात देताना आवाज खाली आणून समजावलं, "आणि मेस्त्री, पाइप घालून आवळू नका हं. आटे जात्यात."